पैलथडीची घंटा

विदी पॉट, सेव्हर्नकाठ
३ मार्च १९७१

थर्झा,

अक्षर ओळखलंस ना? कोंबडी चिखलातून चालून गेल्यासारखं अक्षर या नदीच्या दोन्ही काठांवर माझ्या एकटीचंच आहे. पाकीट चुलीत टाकायला उठली असशील तर जरा थांब. आधी बातमी वाच, मग खुशाल टाक.

लिनेटला परवाना मिळाला! आपल्या विदी पॉट पबच्या दारावर आता माझ्या नातीचं नाव. आधी बाबांचं होतं, मग माझ्या नवऱ्याचं, सायलसचं, तो गेल्यावर आठ वर्षं माझं, आणि काल रंगाऱ्याने शिडी लावून तिचं लिहिलं. मी खाली उभी राहून बघत होते. रंग माझ्या टोपीवर सांडला तरी हलले नाही. मॅजिस्ट्रेट तिला म्हणाला, "मुली, तुझी चोवीस वर्षं अजून पुरी नाहीत. दारू चढलेल्या गड्यांना घरी कशी पाठवशील?" तर ही म्हणते, "साहेब, माझा जन्मच त्या पबमध्ये झालाय. गड्यांना घरी पाठवायचं काम मी सात वर्षांची असल्यापासून करतेय. तुमच्या वडलांनाही पाठवलंय." सगळं कोर्ट हसलं. मॅजिस्ट्रेटसुद्धा हसला, कारण खरंच होतं ते.

मला इतका आनंद झालाय की कुणाला सांगू आणि कुणाला नको. गावात सगळ्यांना सांगून झालं. पाद्र्याला दोनदा सांगितलं. मग वाटलं, जिला सांगायला हवं ती राहिलीच. खिडकीतून मला तुझ्या धुराड्याचा धूर दिसतो, थर्झा. तू ओलं सरपण घालतेस तेही कळतं. आणि हे पत्र ग्लॉस्टरचा पूल ओलांडून बावीस मैल फिरून तुझ्याकडे येणार. तीनशे पावलांच्या पाण्यासाठी बावीस मैल.

दुसरी गोष्ट. बिअर कंपनीचा पॅजेट नावाचा माणूस येऊन गेला. दात पांढरे, बूट पांढरे. उन्हाळ्यात होड्यांतून हिंडायला येणाऱ्या लोकांसाठी त्याला पबचा इतिहास मोठ्या पाटीवर लिहून बारमध्ये लावायचाय. ईस्टरच्या सोमवारी पाटी उघडायची, म्हणजे बारा एप्रिलला. "आजीबाई, तुम्ही सांगा, मी लिहितो," म्हणाला. म्हणजे बघ, जिला शाळेतून नवव्या वर्षी काढलं तिने इतिहास सांगायचा! तुला आठवत नसेल, तू चारच वर्षांची होतीस. आई गेली आणि तुला सांभाळायला मी घरी राहिले. मास्तर दोनदा विचारायला आला. बाबांनी दोन्ही वेळा त्याला नासपतीची सायडर पाजून परत पाठवलं. तिसऱ्यांदा तो नुसता सायडरसाठीच आला.

तर मी पॅजेटला सगळं सांगितलं. वाफेची इंजिनं नव्हती तेव्हा दोर खांद्याला बांधून माणसं मिठाची गलबतं ओढत वर न्यायची, त्यांच्यासाठी हे घर बांधलं. कोपऱ्याच्या दगडाला त्या दोरांनी पडलेल्या खाचा आहेत ना, ज्यांत आपण बोटं घालून बसायचो, त्या दाखवल्या. नदीत बुडालेला माणूस सापडला की आपल्या स्किटल्स खेळायच्या लांब खोलीत ठेवायचे, कारण गावात तीच सगळ्यात थंड, आणि चौकशी बारच्या टेबलावर व्हायची, हे ऐकून त्याने स्वतःचा ग्लास त्या टेबलावरून उचलला.

आणि घंटेचं सांगितलं. तुझ्या काठावरच्या घंटेचं. तेवढी एक ओळ त्याने जी लिहिलीय ती मला नकोय. तिच्याबद्दल पुढे कधी लिहीन. तू ये. ईस्टरच्या सोमवारी ये. तू याच घरात जन्मलीस.

तुझी बहीण
केझाया

१३ मार्च

थर्झा,

दहा दिवस झाले. पोस्टमन सायकलवरून लांबूनच मान हलवतो. हल्ली तर मी दारात दिसले की दुसऱ्या गल्लीने जातो.

नसलं लिहायचं तर नको लिहूस. मी लिहिणार. तुला माहितीय मी कशी आहे. बाबा म्हणायचे, केझला ओहोटीच्या विरुद्ध वल्हवायला दिलं तर ती ओहोटीला दमवेल.

काल ईल माशांची पिल्लं आली. भरतीबरोबर काचेच्या धाग्यांसारखी, बादल्याच्या बादल्या. लिनेटने डुकराच्या चरबीत परतून वर अंडी फोडली आणि ताटली माझ्यासमोर ठेवली. मी म्हटलं, "ह्यात थर्झा व्हिनेगर घालते." ती म्हणाली, "आजी, गेल्या दहा दिवसांत तू ते नाव जितक्यांदा घेतलंस तितक्यांदा मी जन्मात ऐकलं नव्हतं."  व्हिनेगर घालून खाल्लं. घाणच लागतं, अजूनही.

तिने बाबांची होडीही सुलटी केली. सत्तेचाळीसपासून काठावर पालथी पडली होती, तिच्याखाली मांजरांच्या किती पिढ्या झाल्या. तीन फळ्या बदलल्या, डांबर लावलं. म्हणते, "परवाना पबचा मिळालाय, पण जुन्या कागदात पब आणि होडी एकत्रच आहेत. घंटा वाजली की होडी सोडायची, हे मालकाचं काम. म्हणजे आता माझं."

मी म्हटलं, "घंटेला लोलकच नाही."

"का नाही?"

मी म्हटलं, जा, गिऱ्हाईक आलंय.

तर आता ती ओळ. पॅजेटने लिहिलंय: 'अडीचशे वर्षांत पैलथडीची घंटा वाजली आणि विदी पॉटची होडी गेली नाही, असं एकदाही घडलं नाही.' सुंदर वाक्य आहे, लिनेटने वाचून दाखवलं तेव्हा बारमधल्या लोकांनी टेबलं वाजवली. मी पॅजेटला म्हटलं, ती ओळ काढ. तो म्हणाला, "आजीबाई, पाटीचा सगळा जीव त्या ओळीत आहे."

तो घंटेचा नियम बाबांनी कसा पाळला, आठवतं? एक टोला म्हणजे माणूस, दोन म्हणजे जनावर किंवा गाडी, आणि तीन म्हणजे डॉक्टर किंवा पाद्री. कोण आहे ते आधी बघायचं नाही, आधी होडी सोडायची. तो नवा पोलीस बाबांना चोरून सॅमन मासे धरल्याबद्दल पकडायला पलीकडच्या काठाने आला आणि त्याने घंटा वाजवली. बाबा गेले, त्याला आणलं, आणि इकडे पाय ठेवल्याबरोबर त्याने बाबांना बेड्या घातल्या. मग कैद्याला घेऊन परत जायचं, तर साहेबांना वल्हवता येईना! बेड्या काढल्या आणि बाबांनी स्वतःच वल्हवत स्वतःला तुरुंगात नेलं. जाताना ओरडले, "केझ, स्टू हलव, खाली लागेल." तू काठावर उभी राहून रडत होतीस आणि मी स्टू हलवत होते.

असे आपले बाबा. आणि सायलस त्यांच्याच हाताखाली तयार झालेला. तो भित्रा नव्हता, थर्झा. त्या दिवशी वारा आमच्याकडून तुमच्याकडे होता. घंटा इकडे ऐकूच येत नव्हती. तेव्हाही मी तुला हेच सांगितलं होतं.

केझाया

२१ मार्च

थर्झा,

मागच्या पत्राची शेवटची ओळ खोटी आहे.

पत्र पोस्टात टाकलं आणि घरी येईपर्यंत ते परत आणावंसं वाटलं. काल लिनेटचा वाढदिवस झाला. केक कापताना तिने माझ्याकडे बघितलं आणि मी ठरवलं, आता नाही. सत्त्याहत्तर वर्षांची झाले. पाटी लागली की मी मेल्यावरही ते खोटं भिंतीवर राहील, आणि नावेतून आलेली माणसं बिअर पीत ते वाचतील.

तर बस, आणि वाच.

मार्च सत्तेचाळीस. बर्फ वितळून पूर आलेला. दाराच्या चौकटीवर सायलसने नंतर त्या पुराची खूण कोरली, ती माझ्या खांद्याला लागते. सकाळी दहाची वेळ असेल. खाली बारमध्ये कमरेएवढं पाणी, सायलस आणि दोन गडी पिंपं जिन्यावरून वर चढवत होते. वरच्या खोलीत माझी लेक जोन, पहिलटकरीण, आदल्या दिवसापासून अडलेली. मूल पायाळू होतं. डॉक्टर तिच्यापाशी. हे तुला आजवर कुणी सांगितलं नाही, थर्झा. गावाचा एकुलता डॉक्टर त्या सकाळी माझ्या घरात होता.

मी खिडकीशी पाणी गरम करत होते. आणि घंटा वाजली.

तीन. मग तीन. मग परत तीन.

वारा होता, पण आडवा होता. घंटा स्वच्छ ऐकू आली. मी पडदा सारून बघितलं. पावसात तू दिसत होतीस, डोक्यावर पोतं घेतलेली. दोरी तू दोन्ही हातांनी ओढत होतीस.

डॉक्टरने मान वर केली. "घंटा का ती?"

मी म्हटलं, "वारा आहे, डॉक्टर. पुरात झाडं येऊन खांबाला धडकतात."

खालून सायलस ओरडला, "केझ! तीन टोले वाजले का गं?"

मी जिन्यात जाऊन म्हटलं, "वारा आहे. तू पिंपं बघ."

त्याने माझ्यावर विश्वास ठेवला. पंचवीस वर्षं संसार केलेला माणूस, तो का नाही ठेवणार? त्याला घंटा कळली असती तर तो त्या पाण्यात गेला असता, डॉक्टरला घेऊन. होडी उलटली असती की पोचली असती, मला माहीत नाही. हे मी चोवीस वर्षं रोज मनात वल्हवून बघितलंय. कधी पोचते, कधी उलटते. पण जाऊ द्यायची की नाही, हे ठरवणारी मी कोण? नियम होता. बाबांचा होता. मी तो मोडला, आणि तोंडाने मोडला, दोनदा.

तू तासभर वाजवत होतीस. मग थांबलीस.

दुपारी लिनेट रडली. मी तिला हातात घेतलं तेव्हा मला आनंद झाला, थर्झा. ते मी लपवणार नाही. तुझा नवरा, रूबेन, त्याच दिवशी पोटातलं आतडं फुटून गेला, हे आम्हाला चार दिवसांनी पाणी उतरल्यावर कळलं.

सायलस तुझ्याकडे आला होता ना. तू त्याच्या अंगावर बादली फेकलीस, "भित्र्या, तोंड दाखवू नकोस" म्हणालीस, आणि त्याच्या देखत घंटेचा लोलक काढून घरात नेलास. तो परत आला आणि होडी पालथी घातली ती कायमची. गावातले लोक त्याला 'बहिरा सायलस' म्हणायला लागले. तो आला की कुणीतरी चमच्याने ग्लास वाजवायचा आणि विचारायचा, "ऐकू आलं का?" तो हसायचा. मीही तिथेच असायचे, ग्लास पुसत.

मरायच्या आदल्या आठवड्यात त्याने विचारलं, "केझ, त्या दिवशी घंटा वाजली होती का गं?"

मी म्हटलं, "वारा होता."

तिसऱ्यांदा. ही गोष्ट सगळ्यात वाईट आहे आणि ती मी कुणालाच सांगितलेली नाही.

मला माफ कर असं मी लिहिणार नाही. ते तुझं तू बघ. पण सायलसचं नाव मी धुऊन काढणार. त्याच्यावर धरलेला राग आता माझ्यावर काढ. तो राग चुकीच्या पत्त्यावर गेलाय.

केझ

२ एप्रिल

थर्झा,

लिनेटला सांगितलं. तिच्या खोलीत, जिथे ती जन्मली तिथेच बसवून. ती खिडकीशी जाऊन पलीकडच्या काठाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे माझ्यासाठी."

मी म्हटलं, "तुझ्यासाठी नाही. माझ्यासाठी. तू तर अजून कुणीच नव्हतीस. पायच होतीस नुसती."

ती हसली आणि रडली, दोन्ही एकदम, जोनसारखी. मग तोंड धुऊन खाली गेली आणि पॅजेटला फोन लावला. मला जिन्यातून एकच बाजू ऐकू येत होती.

"ती ओळ काढायची... नाही, गाळायची नाही, बदलायची... हो, लिहून घ्या."

दुसऱ्या दिवशी तो स्वतः आला. पांढरे बूट चिखलात. "मिस लिनेट, असलं वाचून कोण इथे बिअर प्यायला थांबेल?"

"दारावर कुणाचं नाव आहे, मि. पॅजेट?"

"तुमचं. पण पाटी कंपनीची आहे."

"मग कंपनीच्या भिंतीवर लावा. ही भिंत माझ्या ताब्यात आहे."

त्याने माझ्याकडे बघितलं, म्हातारी तरी शहाणी असेल म्हणून. मी म्हटलं, "बाळा, तुझे बूट दे, चुलीपाशी वाळवते. पण ओळ बदलेल." बूट न देताच गेला. पाटी नेली. बरं झालं, अक्षरं फार सोनेरी होती.

शनिवारी बार भरला होता. स्किटल्सची मॅच. मी सायलसच्या खुर्चीवर चढले. उभी राहिले म्हणजे, बसले नाही. लिनेटने मागून धरलं होतं. सगळे समजले, म्हातारीला आज जास्त झाली. मी सगळं सांगितलं. तुझं नाव घेऊन, रूबेनचं नाव घेऊन, किती टोले वाजले ते. शेवटी म्हटलं, "बहिरा सायलस नव्हता. बहिरी मी होते, आणि माझे कान चांगले आहेत."

 एझ्रा, तो सुतार, आता नव्वदीला आला, चमच्याने ग्लास वाजवणाऱ्यांत सगळ्यात पुढे असायचा. तो उठला. सायलसचा बिअरचा मग अजून आकड्याला टांगलेला आहे, आठ वर्षं कुणी हात लावला नाही. एझ्राने टोपी काढली, सायलसचा मग खाली घेतला, स्वतःच्या रुमालाने पुसला, आणि परत टांगला. म्हणाला, "केझाया, तू फार वाईट बाई आहेस. एक अर्धी बिअर भर."

भरली. मॅच आपण हरलो.

गावच्या रंगाऱ्याने साध्या लाकडावर नवी पाटी लिहिलीय. दोर ओढणारे, पूर, बाबा आणि पोलीस, सगळं आहे. घंटेची ओळ अशी: 'अडीचशे वर्षांत घंटा वाजली आणि होडी गेली नाही, असं एकदाच घडलं. मार्च १९४७. टोले तीन होते. ते केझायाने ऐकले आणि सायलसला सांगितले नाहीत.' रंगाऱ्याने विचारलं, "एवढं लिहायचं?" मी म्हटलं, "माझं नाव थोडं मोठं काढ."

सोमवारी ती उघडायची. तू नसलीस तर मी उघडू देणार नाही. पोतं टाकून झाकून ठेवीन, लोक वाट बघतील.

तुझी केझ

९ एप्रिल, गुड फ्रायडे

थर्झा,

काल पोस्टमन दारातच आला, हातातली पिशवी धापकन टेबलावर टाकली. "केझाया, यात काय तोफेचा गोळा आहे का? बावीस मैल माझी सायकल डावीकडे ओढतेय."

पिठाची पिशवी, शिवलेली. तुझे टाके मी ओळखले. मीच शिकवले होते, आणि अजून तितकेच वाकडे आहेत. उसवली तर आत लोलक.

चिठ्ठी नाही. पिशवी उलटी करून झटकली, पीठ उडालं, चिठ्ठी नाही. लिनेट म्हणाली, "आजी, याचा अर्थ काय? घंटा कायमची संपली म्हणते का ती?"

मलाही आधी तसंच वाटलं. बसले. मग लोलक हातात घेतला. नदीकाठचं लोखंड ते, थर्झा. इथे एका हिवाळ्यात चाकू तांबडा होतो. आणि याच्यावर गंजाचा एक ठिपका नाही. कडीत तेल आहे. ताजं नव्हे, थरावर थर आहे, वर्षावर्षाचं. चोवीस वर्षं तू माझ्यावर थुंकलीस आणि याला तेल लावलंस.

नकोच असता तर नदी तुझ्या दारात आहे.

तर आता नीट वाच, कारण मी हे परत लिहिणार नाही. लोलक इकडे ठेवून उपयोग नाही, घंटा तुझ्या काठावर आहे. तो आणून लावावा लागेल. मी येतेय. उद्या पोस्ट तुझ्याकडे पोचेल. परवा, ईस्टरच्या सकाळी, चर्चच्या आधी, भरती थांबली की होडी सोडू. वल्ही लिनेट मारेल. ती म्हणते, "आजी, तू पुढे बस आणि बोलू नकोस, होडी हलते." बोलल्याने होडी हलते हे मी पहिल्यांदाच ऐकलं. सायलसचा मग बरोबर घेतेय. त्यात थोडी नासपतीची सायडर, कापड बांधून. रूबेनच्या थडग्यापाशी ओतायची आहे. तू येऊ दिलंस तर.

काठावर उतरेन. तुझ्या दारात येणार नाही, तेवढा हक्क मला नाही. खांबापाशी जाईन, लिनेट मला धरेल, लोलक कडीत अडकवेन. मग दोरी ओढेन. तीन. मग तीन. मग परत तीन. तू तासभर ओढलीस, मीही तासभर ओढेन. हात गळाले तर दातांनी ओढेन, पुढचे दोन आहेत अजून.

आजवर ती घंटा तुझ्या काठावरून वाजली आणि ऐकायचं काम माझं होतं. रविवारी तुझं असेल. दार उघडायचं की नाही ते तू ठरव. नाही उघडलंस तर मी परत येईन, पाटीवरचं पोतं काढेन, आणि पुढच्या ईस्टरला पुन्हा येईन. पुढच्या नाही तर त्याच्या पुढच्या.

तुला यायचं नसेल तर येऊ नकोस, थर्झा. पण वारा होता असं म्हणू नकोस.

केझ